खुर्ची कोणाची?

१८ ऑगस्ट २०१७ रोजी विशाल सिक्कांनी इन्फोसिसचे मुख्य कार्यकारी अधिकारीपद तडकाफडकी सोडले. संचालक मंडळाने दोष नारायण मूर्तींच्या पत्रांना दिला. मूर्तींकडे तेव्हा कसलेच पद नव्हते! तरी सहाच दिवसांत अध्यक्ष शेषशायी गेले, संस्थापकांपैकीच नंदन नीलेकणी आले. वृत्तपत्रांनी हा मूल्यांचा झगडा म्हणून रंगविला. कोणाची मूल्ये? २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेल्या अभ्यासाप्रमाणे हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांत उच्चवर्णीय सुमारे ९३ टक्के, अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५. हा आकडा झगड्याच्या बातमीत येत नाही. रानशेतचा वारली पोरगा संगणक शिकेल, नोकरीही मिळवील. पण संचालक बहुधा ओळखीतून निवडले जातात, आणि खाजगी कंपनीच्या मंडळात राखीव जागा नसतात.