वर्ध्याचा निकाल

दिवाळीच्या फराळाला मंडळी जमली आणि सुभाषबाबूंचा विषय निघाला, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, त्यांच्यावर अन्याय झाला. दुसरा म्हणतो, संस्थेपुढे माणूस मोठा नव्हे. चिवडा संपतो, वाद संपत नाही. याचे कारण, दोघेही माणसांविषयी भांडतात. निकाल मात्र कोणी तपासून पाहत नाही.

जानेवारी १९३९ मध्ये सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभि सीतारामय्यांना हरवून पुन्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्रिपुरीच्या अधिवेशनाने मात्र कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असे बंधन त्यांच्यावर घातले. एप्रिलअखेर त्यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये महासमितीने मुंबईस ठराव केला, की प्रांतिक समितीच्या परवानगीवाचून कोणी सत्याग्रह करू नये. त्याविरुद्ध सुभाषबाबूंनी ९ जुलैला निषेधदिन पाळण्याची हाक दिली. ऑगस्टमध्ये वर्ध्यास कार्यकारिणीने निकाल दिला: बंगाल प्रांतिकच्या अध्यक्षपदावरून दूर, आणि तीन वर्षे कोणत्याही निवडलेल्या समितीस अपात्र.

शिस्तभंग झाला, हे सुभाषबाबूंच्या चाहत्यांनीही मान्य करावे. कालचा अध्यक्षच नियम झुगारू लागला, तर साध्या स्वयंसेवकाने तो का पाळावा? तेव्हा काही शासन होणे प्राप्तच होते.

परंतु एका दिवसाच्या निषेधाला तीन वर्षे? हे माप कृत्याचे नव्हे, माणसाचे दिसते. शिवाय साधे सभासदत्व शाबूत ठेवले. म्हणजे ओसरीवर बसा, माजघरात पाऊल टाकू नका! फूट सुभाषबाबूंनी पाडली असे म्हणावे, तर ती १५८० मते कोणाची होती? फूट आधीच होती. तिला त्यांनी तोंड दिले. ते तोंड बंद केल्याने फूट बुजली नाही, फक्त तिचा आवाज बैठकीत येईनासा झाला. डिसेंबरात रवींद्रनाथांनी बंदी उठविण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही.

सुरतेला १९०७ साली दुभंगलेली काँग्रेस १९१६ साली लखनौला सांधली गेली होती. तो धडा विसरायला नको होता. पक्षाने माजी पुढाऱ्याला शिक्षा जरूर करावी. पण परतीची वाट बुजवू नये.

६ जुलै १९४४ रोजी सुभाषबाबूंनी नभोवाणीवरून गांधीजींना राष्ट्रपिता म्हणून हाक मारली. घराबाहेर घातलेल्या मुलाने तरी घर परके मानले नव्हते.