स्टोरीला टाकलेली निवृत्ती

७ मे २०२५. मी सेकंड शिफ्टला होतो. चाकणला आमच्या लाइनवर मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे जगात काय चाललंय ते जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये एकदमच कळतं. त्या दिवशी सकाळपासून ऑपरेशन सिंदूरशिवाय दुसरा विषय नव्हता. जो तो ताटात एक हात आणि मोबाइलवर दुसरा हात ठेवून बातम्या चाळत होता. तेवढ्यात समोरच्या ट्रेनी पोराने मोबाइल आमच्याकडे फिरवला. कसोटीची टोपी, तिच्यावर २८० हा आकडा, आणि इंग्रजीत काही ओळी. रोहित शर्मा कसोटीतून निवृत्त.

"घेतली का दिली?" मेंटेनन्सचे एक काका जेवता जेवता म्हणाले.

हा प्रश्न आमच्या पट्ट्यात क्रिकेटमधून आलेला नाही. भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या जुन्या कंपन्यांतून माणसं व्हीआरएस घेऊन बाहेर पडायला लागली तेव्हापासून तो इथे विचारला जातो. माझ्या पप्पांनीही घेतली. मी तेव्हा दहावीत होतो. फॉर्मवर 'स्वेच्छेने' असा शब्द होता, शाल होती, श्रीफळ होतं, साहेबांसोबत फोटो होता. गल्लीत भेटणारा प्रत्येक जण मात्र हेच विचारायचा आणि पप्पा दर वेळी हसून विषय बदलायचे. त्यामुळे रोहितची ती स्टोरी मी क्रिकेटरसिक म्हणून नंतर वाचली. आधी वाचली ती एक फॉर्म म्हणून.

आणि फॉर्म म्हणूनच ती फार नीट लिहिलेली आहे. सगळ्यांना नमस्कार, फक्त एवढंच सांगायचंय की मी कसोटीतून निवृत्त होतोय, पांढऱ्या कपड्यांत देशासाठी खेळणं हा मोठा सन्मान होता, प्रेमाबद्दल आभार, वनडे खेळत राहीन. आशय एवढाच. यात कारण नाही. एकाही सामन्याचं, एकाही माणसाचं नाव नाही. मला खटकतं ते 'फक्त'. अकरा वर्षं, ६७ कसोटी, ४३०१ धावा, १२ शतकं, २४ कसोटींचं कर्णधारपद, आणि हे सगळं संपतंय हे सांगताना माणूस म्हणतो, फक्त एवढंच सांगायचं होतं. घरून निघताना 'येतो गं' म्हणावं तसं. त्यातून हे टाकलं कुठे, तर चोवीस तासांत आपोआप पुसल्या जाणाऱ्या स्टोरीत. पाच दिवसांच्या खेळाचा निरोप एका दिवसात गायब.

पाच दिवसांनी, १२ मेला, विराट कोहली गेला. त्याने कायम राहणारी पोस्ट लिहिली. टोपी पहिल्यांदा घातली त्याला चौदा वर्षं झाली, या खेळाने मला घडवलं, सोपं नाहीये पण योग्य वाटतंय, असं बरंच. त्यात थोडं नाटक आहे, पण निदान जाण्याचं वजन आहे. रोहितच्या मजकुरात ते नाही, आणि बहुतेकांनी त्यालाच 'हिटमॅनची स्टाइल' म्हणून टाकलं. बेफिकीर माणूस, त्याला काय. मला हे पटत नाही. लांब खेळाशी त्याचं नातं पाहिलं तर तो बेफिकीर अजिबात दिसत नाही. उलट भारताच्या त्या पिढीत कसोटी संघातल्या जागेसाठी इतकं ताटकळलेला दुसरा मोठा फलंदाज मला आठवत नाही.

फेब्रुवारी २०१०, नागपूर. जिथे जन्मला त्याच शहरात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिली कसोटी खेळायची होती. सामन्याच्या सकाळी सराव करताना साहाशी धडक झाली, घोटा मुरगळला, आणि त्याच्या जागी साहाच खेळला. पुढची संधी यायला नोव्हेंबर २०१३ उजाडलं. ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडिजविरुद्ध चार बाद ८२ अशी अवस्था असताना उतरून त्याने १७७ काढल्या. अश्विनबरोबर सातव्या विकेटसाठी २८० धावा जोडल्या. टोपीचा नंबर २८० आणि ही भागीदारीही २८०. स्टोरी बघताना हे किती जणांच्या लक्षात आलं कोण जाणे. पुढची कसोटी वानखेडेवर, सचिनची शेवटची. तिथे नाबाद १११. आपण सगळे तेव्हा सचिनसाठी रडत होतो, त्यामुळे ते शतक कोणाला आठवत नाही.

दोन कसोटी, दोन शतकं. आमच्याकडे एवढ्यावर माणूस परमनंट झाला असता. तो झाला नाही. पुढची सहा वर्षं आत-बाहेर, आत-बाहेर. ऑक्टोबर २०१९ पर्यंत त्याच्या नावावर फक्त २७ कसोटी होत्या. कंत्राटी कामगाराला सात महिन्यांनी ब्रेक देतात आणि पुन्हा नव्याने घेतात, म्हणजे सलग नोकरी कागदावर कधी दिसतच नाही. रोहितची ती सहा वर्षं मला तशी दिसतात. वनडेत द्विशतकं ठोकणारा हा माणूस कसोटीत मात्र दर मालिकेला नव्याने इंटरव्ह्यू देत होता. (तुलना ताणली जातेय, मला कळतंय. त्याला मिळणारा पैसा आणि आमचा पगार यांचा काही संबंध नाही. पण आपली जागा पक्की आहे का, हा प्रश्न पैशाने सुटत नाही, एवढंच म्हणतोय.)

मग विशाखापट्टणमला त्याला सलामीला पाठवलं. वय बत्तीस. १७६ आणि १२७, नंतर रांचीत २१२. पण माझ्यासाठी त्याची कसोटी म्हणजे २०२१ चा इंग्लंड दौरा. ज्याच्या पुल शॉटचे रील्स बघत आपण मोठे झालो, तो माणूस तिथे चेंडू सोडत होता. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू, बॅट वर, मान खाली, पुढचा चेंडू, परत तेच. ओव्हलवर २५६ चेंडूंत १२७. परदेशातलं त्याचं पहिलं कसोटी शतक, चौतिसाव्या वर्षी. आपल्याला सहज येणारी गोष्ट न करणं हे इतक्या उशिरा शिकणं सोपं नसतं. कोणी विचारलं की हा कसोटीत एवढा काय होता, तर मी त्या चार कसोटींतल्या ३६८ धावा पुढे करीन, आणि त्यातही सोडलेले चेंडू जास्त.

ग्रेट होता का? नाही. सरासरी चाळीसच्या थोडी वर. बारातली दहा शतकं मायदेशात. बाहेरची दोन, ओव्हल आणि डॉमिनिका. हे झाकून श्रद्धांजली लिहिणारे त्याच्यावर उपकार करत नाहीत.

शेवट कुठे झाला, ते मी पाहिलं आहे. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना रविवारी नाही, गुरुवारी सुट्टी असते. २४ ऑक्टोबर २०२४, न्यूझीलंडविरुद्ध गहुंज्याच्या कसोटीचा पहिला दिवस, नेमका गुरुवारी आला. रावेत, किवळे करत आम्ही तिघं बाइक आणि स्कूटरवरून गेलो. वॉशिंग्टन सुंदरने सात विकेट काढल्या, न्यूझीलंड २५९ वर संपलं, आम्ही खूश. दिवसाची शेवटची षटकं उरलेली, उन्हं उतरलेली, रोहित खेळायला आला. नवव्या चेंडूवर साउदीने त्याचा ऑफ स्टंप उडवला. शून्य. स्टेडियममध्ये ओरड झाली नाही, एक प्रकारचा सुस्कारा आला. हे आता अपेक्षितच आहे, असा. मला त्या आवाजाचं वाईट वाटलं होतं.

शनिवारी ३५९ चा पाठलाग करताना तो ८ वर शॉर्ट लेगला झेल देऊन गेला. तो मी कँटीनमध्ये मोबाइलवर पाहिला. सामना तिसऱ्याच दिवशी संपला. सँटनरने सामन्यात १३ विकेट घेतल्या आणि २०१२ नंतर पहिल्यांदा भारत घरच्या मैदानावर मालिका हरला. त्या मालिकेत रोहितच्या सहा डावांत ९१ धावा. पुढे ऑस्ट्रेलियात पाच डावांत ३१. मेलबर्नची कसोटी ३० डिसेंबरला संपली आणि तीच त्याची शेवटची ठरली. दहा वर्षांपूर्वी त्याच तारखेला, त्याच मैदानावर धोनीनेही कसोटी सोडली होती. त्याने मालिका अर्धी असतानाच सोडली, म्हणून ते खरं आश्चर्य होतं. रोहितच्या वेळी आश्चर्य वाटलं ते आपला मोबाइल वाजला म्हणून. आकडे तर सात महिने समोर होते.

पण खरा निरोप सिडनीत झाला, असं माझं मत आहे. जानेवारी २०२५ च्या पाचव्या कसोटीत कर्णधाराने स्वतःलाच संघाबाहेर ठेवलं. भारतीय क्रिकेटमध्ये ही साधी गोष्ट नाही. इथे कर्णधार जखमी होतात, फॉर्ममुळे बाहेर बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी लंचच्या सुट्टीत तो कॅमेऱ्यासमोर आला आणि हिंदीत, नेहमीच्या बंबईया थाटात बोलला. धावा होत नाहीत म्हणून बसलोय. निवृत्त झालेलो नाही. माइक, लॅपटॉप किंवा पेन घेऊन बसलेली माणसं माझं आयुष्य ठरवणार नाहीत. इतक्या लांबून बाहेर बसायला आलेलो नाही, पण संघाला जे लागतं ते करावं लागतं. दोन मुलांचा बाप आहे, थोडी अक्कल आहे मला.

हा मजकूर स्टोरीशेजारी ठेवून बघा. यात राग आहे, दुखावलेपण आहे, स्वतःच्या अपयशाची कबुली आहे आणि पुन्हा खेळायची हावही आहे. वाक्यं एकमेकांना छेद देतात, कारण बोलणाऱ्याचं अजून ठरलेलं नाही. त्यानंतर तो मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी खेळायला बीकेसीला उतरला. ३ आणि २८. जायचं पक्कं झालेला माणूस रणजी खेळायला येत नाही. म्हणजे जानेवारीपर्यंत त्याला राहायचं होतं. मे महिन्यात इंग्लंड दौऱ्यासाठी निवड समिती नवा कर्णधार शोधतेय अशा बातम्या आल्या, आणि त्याच संध्याकाळी ती स्टोरी. आतल्या खोलीत कोण कोणाला काय म्हणालं यावर मी गोष्ट रचणार नाही. पण सिडनीत जो माणूस इतका सलग, इतका खरा बोलला, त्याचा शेवटचा मजकूर कुठल्याही ऑफिसच्या नोटीस बोर्डावर चालेल असा का निघाला, हा समीक्षेचाच प्रश्न आहे. मजकुरातून माणूस गेला की ते कोणीतरी काढून घेतलेलं असतं किंवा त्याने स्वतःच आवरलेलं असतं. वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. पप्पांच्या फॉर्मवरही तेच दिसायचं.

निरोपाची कसोटी मिळायला हवी होती, असं खूप जणांनी लिहिलं. मला ते तितकंसं पटत नाही. ती मागणी त्याच्यासाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त असते; आपल्याला गार्ड ऑफ ऑनर हवा असतो, डोळे पुसणारी आई हवी असते, रील हवा असतो. विजय मर्चंट १९५१ साली दिल्लीत शेवटच्या कसोटीत १५४ धावा करून गेले, चाळिशीत. तसं जाणं एखाद्यालाच जमतं. आणि रोहितला निरोप मिळालाच नाही असंही नाही: नऊ दिवसांनी, १६ मेला, वानखेडेवर त्याच्या नावाच्या स्टँडचं उद्घाटन झालं.

सुट्टी संपायला पाच मिनिटं होती. मी काकांना म्हणालो, "घेतलीच असेल, वनडे खेळणार आहे ना अजून."

"तुझे पप्पा पण नंतर दुसरीकडे लागलेच की," ते म्हणाले आणि ताट ठेवायला उठले.

रात्री साडेबाराला घरी पोचलो. पप्पा जागे होते, मोबाइलवर तीच बातमी बघत होते. मी काही विचारलं नाही. ते स्वतःच म्हणाले, "ओव्हलवाली इनिंग लाव की टीव्हीवर, यूट्यूबला असेल." हायलाइट्स होत्या, आठ-दहा मिनिटांच्या. त्यात सोडलेले चेंडू एकही नव्हते.