‘अशुद्धी’ या शब्दावर हरकत

मंडळी, मी तत्त्वज्ञानाचा माणूस, भौतिकशास्त्राचा नाही. समीकरणं मागू नका. माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे. धातूत दुसऱ्या मूलद्रव्याचे चार अणू शिरले की मराठीत आपण त्याला ‘अशुद्धी’ म्हणतो. आपल्या समाजात शुद्ध-अशुद्ध या जोडीनं काय केलंय ते सांगायला नको. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. माझं म्हणणं असं की हा शब्द भौतिकशास्त्र म्हणूनही चुकीचा आहे.

आपल्या वैजापूरच्या सराफाला विचारा. तो ‘हीण’ म्हणतो, पण हीण घातल्याशिवाय बांगडी टिकत नाही, हेही तोच सांगतो.

सोनं गार करत नेलं की त्याचा रोध कमी व्हायला हवा. 1934 साली लायडनला दिसलं, एका तापमानाखाली तो उलट वाढतोय! उत्तर 1964 साली जपानच्या जुन कोंडोंनी दिलं: सोन्यातले लोखंडासारखे चुंबकीय अणू. साधा परका अणू इलेक्ट्रॉनची फक्त दिशा बदलतो. चुंबकीय अणू त्याचा स्पिनही उलटवू शकतो. म्हणजे ‘अशुद्धी’ एक नाही, दोन आहेत. अतिसंवाहकतेत तर हा फरक जीवघेणा ठरतो. अचुंबकीय विस्कळीतपणा ती बऱ्यापैकी सोसते, हे अँडरसन यांनी 1959 साली दाखवलं. लँथेनममध्ये शेकडा एकच्या आसपास गॅडोलिनियम पडलं की मात्र ती जवळजवळ संपतेच. एकाच शब्दात हे दोन्ही कसं कोंबणार?

आणि आता घरचं उदाहरण. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत यिट्रियम, निकेल आणि बोरॉनचा एक मिश्रधातू तपासताना 12 केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेचा क्षीण इशारा मिळाला. निकेल चुंबकीय धातू, तिथे ही अपेक्षा कोण करणार? नमुन्याचा फारच थोडा भाग तसा वागत होता. दुसरा कोणी ‘नमुना अशुद्ध आहे’ म्हणून टाकून देता, तर चूक म्हणता आली नसती. या मंडळींनी माग काढला. कारण निघालं नकळत शिरलेला कार्बन. मग त्यांनी तो मुद्दाम घातला, आणि 1994 साली नागराजन, मजुमदार व सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. बोरोकार्बाइड हे अतिसंवाहकांचं नवं कुटुंबच उघडलं. पुढे त्यातल्या काहींत, होल्मियम, अर्बियमवाल्यांत, चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकत्र नांदताना दिसली.

कोणी म्हणेल, सर, शब्दच तो, काय बिघडतं? अहो, त्या कार्बनला काय म्हणाल?