पालघर ते बोईसर, ताशी २७९

सरावाच्या पुस्तकात हमखास असणारं गणित: गाडी थांबलेली होती, निम्मं अंतर ०.५ मी/से² त्वरणाने, उरलेलं तितक्याच मंदनाने. कमाल वेग किती? यात पालघर-बोईसर घालून बघा. सुमारे १२ किलोमीटर, उमरोळीला थांबत नाही असं धरू. वेगाचा वर्ग = २ × ०.५ × ६०००, म्हणजे वेग ७७.५ मी/से. ताशी २७९ किलोमीटर! आपली डहाणू लोकल शंभरच्या आसपास पळते. आकडेमोड बिनचूक, गाडी खोटी.

सूत्रावर माझा राग नाही. ताशी १०० गाठायला या त्वरणाने ५६ सेकंद आणि ७७२ मीटर पुरतात. पुढचे मैलोनमैल ते त्वरण नाहीच. त्या ७७२ मीटरमध्येही ते टिकत नाही. मोटरची शक्ती मर्यादित, आणि बल म्हणजे शक्ती भागिले वेग. वेग वाढला की ओढ घटते, वर हवेचा विरोध.

गणितात ही मर्यादा एका ओळीत सांगता आली असती. ती ओळ गाळल्यामुळेच संशोधनाच्या मुलाखतीत ‘हे गृहीतक कुठे मोडतं?’ विचारलं की आपण सूत्रच पुन्हा म्हणून दाखवतो. मीही तेच केलं होतं.

पुढच्या वेळी लोकलमध्ये फोनचा त्वरणमापक चालू ठेवा, आणि आलेख नेमका कितव्या सेकंदाला खाली वळतो ते लिहून घ्या.