अवजारांवाचूनचा नायक

मराठी कथेत संगणक अभियंता वावरू लागला त्याला आता तीसएक वर्षे होत आली. या काळात त्याने कथेतील बँकेच्या कारकुनाची आणि उपनगरातील प्राध्यापकाची जागा बऱ्याच अंशी बळकावली आहे. दिवाळी अंक चाळावा तर कोठे ना कोठे तो भेटतोच. त्याला पगार किती, त्याची सदनिका हिंजवडीपासून किती दूर, कॅलिफोर्नियाहून त्याचा दूरध्वनी कोणत्या वारी येतो, आईवडील इकडे कसे एकटे पडले, हे सारे लेखक आपणांस तपशिलाने सांगतात. तो सकाळपासून रात्रीपर्यंत नेमके करतो काय, एवढे मात्र सांगत नाहीत. आमची तक्रार इतकीच आहे, पण ती लहान आहे असे आम्हांस वाटत नाही.

कारण मराठी वाङ्मयाची रीत अशी नव्हती. आपल्याकडे माणूस प्रथम ओळखला गेला तो त्याच्या धंद्याने, आणि धंदा ओळखला गेला तो अवजारांनी. नरहरी सोनाराच्या अभंगात सोनाराची सारी सामग्री येते. सेना न्हाव्याच्या अभंगात आरसा आणि चिमटा येतो. सावता माळ्याला मळ्यातील कांदा, मुळा, भाजी यांवाचून विठ्ठल दिसत नाही. हे केवळ रूपक नव्हे. ज्याच्या हाताला दिवसभर चिमट्याची सवय आहे, त्यालाच वैराग्य चिमट्यासारखे दिसू शकते. अवजार आधी, अध्यात्म मागाहून.

पुढे गद्यातही हेच झाले. त्रिंबक नारायण आत्रे हे मुंबई इलाख्याच्या महसूल खात्यातील अधिकारी. त्यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. सुतार, लोहार, चांभार, कुंभार गावाचे काय काम करतात, त्याबद्दल त्यांना काय मिळते, आणि हा व्यवहार कोठे कुजला आहे, हे आत्र्यांनी ज्या बारकाईने लिहिले ती बारकाई आजही दुर्मिळ आहे. (सरकारी नोकरीत राहून असा ग्रंथ लिहिता येतो, याचे आम्हां निवृत्त मंडळींना थोडे समाधान आणि बरेचसे वैषम्य वाटते.) १९८० सालच्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्येही टोपल्या विणण्याचे काम कथेच्या पार्श्वभूमीला टांगलेले नाही, कैकाड्याचे जगणेच त्या विणीत आहे. नारायण सुर्व्यांचा कामगार कारखान्यासकट कवितेत आला. संगणकावर काम करणारा मात्र रिकाम्या हातांनी आला.

लेखक म्हणतील, रिकाम्या हातांनी कसा? त्याच्या हातात भ्रमणध्वनी आहे, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी आहे, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आहे, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ आहे. हे खरे आहे, आणि घोटाळा नेमका येथेच होतो. या विकत घेतलेल्या वस्तू आहेत. त्या माणसाची ऐपत सांगतात. त्याचा धंदा सांगत नाहीत. तेच घड्याळ त्याच्या दंतवैद्याच्याही मनगटावर असते. सुताराच्या घरी भिंतीवर लावलेले चांगले घड्याळ आणि त्याच्या पेटीतील रंधा यांत जो फरक आहे, तो आमच्या कथाकारांनी केलेला नाही. म्हणून नायकाचे वर्णन म्हणून जे वाचावयास मिळते ते पुष्कळदा दुकानाच्या यादीसारखे असते.

खरी गोष्ट अशी की या धंद्यातील माणूस आपली निम्मी अवजारे स्वतः घडवतो. लोहार जसा आपली सांडशी आपणच करतो, तसाच हा प्रकार आहे. ब्रायन कर्निगन आणि पी. जे. प्लॉगर यांनी १९७६ सालीच ‘सॉफ्टवेअर टूल्स’ या नावाचे पुस्तक लिहिले. एकेक काम नीट करणारी लहान लहान अवजारे करावीत आणि ती एकमेकांना जोडून मोठे काम साधावे, हा त्याचा गाभा. याचे सर्वांत मोठे उदाहरण डोनाल्ड नूथ यांचे. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, तेव्हा त्यांतील अक्षरजुळणी पाहून ते इतके नाराज झाले की त्यांनी ग्रंथ बाजूला ठेवून अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली लिहावयास घेतली. वर्षभराच्या रजेत आटोपेल असे वाटलेले काम जवळजवळ दहा वर्षे चालले. त्यातून ‘टेक’ ही प्रणाली निघाली, आणि १९९१ साली हॉलंडच्या फ्रान्स वेल्थाइस यांनी तिला देवनागरीची जोड दिली. आपल्या ग्रंथांत चूक दाखवून देणाऱ्याला नूथ दोन डॉलर छप्पन्न सेंटांचा धनादेश पाठवीत, आणि तो मिळालेले लोक तो न वटवता चौकटीत लावून ठेवीत. एका माणसाला अक्षरांमधले अंतर सोसवत नाही आणि त्यापायी तो उमेदीची वर्षे खर्च करतो, याहून कथेला अधिक काय हवे?

शिवाय नूथ यांनी १९८४ साली असा विचार मांडला की प्रोग्राम यंत्रासाठी नव्हे, तर माणसाने वाचावा म्हणून, निबंधासारखा लिहावा. ‘टेक’चा संपूर्ण प्रोग्राम १९८६ साली त्यांनी ग्रंथरूपाने छापला. आम्ही तो सारा समजलो असे म्हणणार नाही, पण निबंधाविषयी आस्था असलेल्या कोणाही संस्थेने या विचाराची दखल घ्यावयास हवी होती.

आम्ही राहतो ते मिसरोद, भोपाळच्या दक्षिणेचे, इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे जुने गाव. होशंगाबादचे नाव २०२२ साली नर्मदापुरम झाले तरी येथले लोक रस्त्याला अजून होशंगाबाद रोडच म्हणतात. जेथे गहू आणि सोयाबीन होत असे तेथे आता वसाहती आहेत, आणि २०२० नंतर त्या वसाहतींतून घरी बसून पुण्या-बंगळुरूचे काम करणारी पुष्कळ तरुण मंडळी दिसू लागली. आमच्याच गल्लीत मूळचे पांढुर्ण्याकडील असे एक गृहस्थ आहेत. त्यांची खोली आम्ही मुद्दाम पाहिली. पडदा डोळ्यांच्या उंचीवर यावा म्हणून बाजारातल्या सुताराकडून करून घेतलेला सागवानी पाट. वीज गेली तरी काम थांबू नये म्हणून इन्व्हर्टर. आणि टाकून दिलेला एक जुना मोबाइल, ज्यावर दूरच्या यंत्रावरील काम सुरळीत असेल तर हिरवा आणि अडले असेल तर तांबडा चौकोन दिसतो. ते चौकोन दाखविण्याची सोय त्यांनी एका रविवारी केली. कळफलक तेवढा महागाचा, खटखट वाजणारा. त्यावर त्यांचा फार जीव. “काका, हा विकतचा लाड आहे,” ते म्हणाले, “आणि हा मोबाइल माझा.” आमच्या कथाकारांना जो फरक दिसला नाही तो त्यांनी एका वाक्यात सांगितला.

त्यांच्या मेजावर तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी होता. त्याचे प्रयोजन विचारले तेव्हा कळले की प्रोग्राम अडला की ते नंदीला तो ओळीओळीने समजावून सांगतात, आणि सांगता सांगता चूक त्यांची त्यांना सापडते. १९९९ च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकात याच कामासाठी रबरी बदक सुचविले आहे. पांढुर्ण्याच्या मुलाने बदकाचा नंदी केला. असा एक तपशील कथेत यावा आणि पगाराचा आकडा गाळावा, म्हणजे माणूस उभा राहील.

या उणिवेचा आमच्याशी, म्हणजे मराठी लिहिणारांशी, याहूनही जवळचा संबंध आहे. आपण आज संगणकावर मराठी लिहितो, ते याच लोकांच्या अवजारांनी. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले त्यात मोहन तांबे यांचा वाटा मोठा होता. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तेथून जिस्ट कार्ड बाहेर पडले. ते संगणकात बसविले की इंग्रजीसाठी केलेल्या प्रोग्रामातही देवनागरी दिसू लागे. सर्व भारतीय लिप्यांना एकच कळफलक, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने, ही योजना तर वर्णमालेवरील भाष्यच म्हणावी अशी आहे. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज २००० पासून लक्षावधी यंत्रांत गेला. २००८ साली ते वारले. त्यांचे अक्षर आपण रोज वाचत असताना किती वाचकांना त्यांचे नाव ठाऊक असेल?

मध्य प्रदेशातील कचेऱ्यांत आम्ही दुसराच प्रकार पाहिला. तेथे वर्षानुवर्षे कृतिदेव या टंकाचे राज्य होते. त्यात यंत्र साठवीत असे रोमन अक्षरेच. टंक त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवी. जे, के आणि ई ही अक्षरे साठवली की पडद्यावर राम दिसे. यंत्रात टंक नसला की रामाचे पुन्हा जे, के, ई होई. युनिकोड आले तेव्हा असले सारे लेखन रूपांतरित करण्याची वेळ आली आणि कितीएक हौशी मंडळींनी त्यासाठी घरच्या घरी रूपांतरके लिहिली. हे काम दिसते तितके सोपे नव्हे. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकावी लागते, युनिकोडमध्ये ती व्यंजनामागून साठवली जाते. रफाराचे याच्या उलट. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढे आणि प्रत्येक रफार उचलून मागे न्यावयाचा, आणि मध्ये जोडाक्षर आले तर ते कोठे संपते हे ओळखावयाचे. मराठीचा पेच आणखी एक. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांस’ वंदन करावे आणि ‘आचाऱ्यांस’ जेवण सांगावे. हिंदीपुरती केलेली रूपांतरके या डोळ्याच्या पापणीसारख्या रकाराशी अडखळतात. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली.

भोपाळचेच उदाहरण द्यावयाचे तर रविशंकर श्रीवास्तव, जे रवी रतलामी या नावाने लिहीत. वीज मंडळातील अभियंता असलेल्या या गृहस्थांनी लिनक्सचे हिंदीकरण करण्यात वर्षे घालविली. २०२४ च्या आरंभी ते निवर्तले. मराठीत अशी माणसे अनेक आहेत. कथेत एकही नाही.

आत्मचरित्रांकडे वळावे तर अच्युत गोडबोले यांचे ‘मुसाफिर’ समोर येते. सोलापूर, आयआयटी, शहाद्याच्या आदिवासी चळवळीतील तुरुंगवास आणि मग सॉफ्टवेअरचे जग असा मोठा पल्ला त्यात आहे आणि पुस्तक मनापासून लिहिलेले आहे. परंतु नावाप्रमाणेच त्याचा डोळा प्रवासावर आहे. कंपन्या, माणसे, देश भराभर मागे पडतात. एका प्रोग्रामापाशी रात्र काढणारा माणूस ओझरता दिसतो. त्याबद्दल गोडबोल्यांना दोष देणे योग्य नव्हे. त्यांना जे सांगावयाचे होते ते त्यांनी सांगितले. उरलेले सांगणे कथाकारांचे काम होते.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की हे काम डोक्यात चालते, त्यात पाहण्यासारखे काही नाही. ट्रेसी किडर यांच्या १९८१ सालच्या ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’ या पुस्तकाने ते खोटे पाडले आहे. एका कंपनीतील अभियंते नवा संगणक घडवीत आहेत, एवढाच त्याचा विषय. पण त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, कारण किडर तळघरात त्यांच्या शेजारी बसून राहिले. विक्रम चंद्र हे कादंबरीकार एकेकाळी प्रोग्राम लिहून पोट भरीत. त्यांनी तर २०१३ साली प्रोग्राम आणि अभिनवगुप्ताचा रसविचार एकाच पुस्तकात आणले. हे काम आनंदवर्धन आणि ज्ञानेश्वर दोघेही शाळेत भेटलेल्या मराठी लेखकाला अधिक सहज जमावे.

दुसरे उत्तर भाषेचे. सारे शब्द इंग्रजी, मग मराठीत लिहावयाचे कसे? आम्हांस हे पटत नाही. पान्हा मूळचा कोठला याची चौकशी करून कोणी गॅरेजवरची कथा थांबविली नाही. आणि या मंडळींची बोली ऐकावी. त्यांचा सर्व्हर ‘बसतो’, प्रोग्राम ‘अडकतो’, जुना कोड ‘हात लावला की फुटतो’, कोणी सोडून गेलेले काम ‘अंगावर येते’. नामे परकी आहेत, पण क्रियापदे सगळी घरची आहेत, आणि भाषेचा जीव क्रियापदात असतो असे आम्ही व्याकरणाच्या तासाला शिकलो होतो. ही बोली जशीच्या तशी कागदावर उतरविणारा लेखक अद्याप आमच्या वाचनात आला नाही. येत्या दिवाळी अंकांत तो भेटला तर त्याच्या नायकाचा पगार आम्ही विचारणार नाही; त्याने या महिन्यात स्वतःसाठी कोणते अवजार केले आणि त्यात कोणती चूक राहिली, एवढे त्याने सांगावे.