सिंगापूरच्या मुलीचा मराठी निबंध



गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन महिने सिंगापूरला मुलाकडे राहून आलो. वॉटर्लू स्ट्रीटवरचे १८७८ सालचे मागेन अबोथ सिनेगॉग आणि तिथल्या बगदादी बांधवांबरोबर काढलेले शब्बाथ यांविषयी पुढे केव्हातरी लिहू. आज लिहायचे आहे ते एका निबंधाविषयी.

मुलाच्या इमारतीत दोन मजले खाली एक मराठी कुटुंब राहते. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीने आपले वाचन, संगीत आणि छंद यांवर मराठीत चार पाने लिहिली आणि ती आमच्या हातात देऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही मास्तर होता ना? चुका काढून द्या." आम्ही इस्रायलच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवले. मराठीचे आमचे शिक्षण ठाण्याच्या शाळेतले, अकरावी एस.एस.सी.पर्यंतचे. तरी मास्तर तो मास्तर. लाल पेन खिशात होतेच. मुलीच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने त्या चार पानांचे हे परीक्षण.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिंगापूरच्या चार राजभाषा आहेत : मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी. शाळेत इंग्रजीबरोबर 'मातृभाषा' नावाचा विषय असतो. भारतीय मुलांना पूर्वी तिथे तमिळ घेता येई. १९९० च्या सुमारास हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू यांनाही परवानगी मिळाली. मराठी त्यात नाही. म्हणून या मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'मातृभाषा' या शब्दापुढे हिंदी आहे आणि आईची भाषा फक्त घरात आहे. तिथले महाराष्ट्र मंडळ 'ऋतुगंध' नावाचे नियतकालिक चालवते आणि त्याच्या अंकांना वसंत, ग्रीष्म, वर्षा अशी नावे देते. विषुववृत्ताला टेकलेल्या ज्या गावात बारा महिने एकच ऋतू, तिथे सहा ऋतू कागदावर सांभाळणाऱ्या या माणसांचे आम्हांला कौतुक वाटले.

आता निबंध. पहिला भाग वाचनाचा, आणि स्पष्ट सांगायचे तर तोच सर्वांत कच्चा. पुस्तके आपले मित्र आहेत, वाचनाने ज्ञान वाढते, वगैरे. ही वाक्ये आपण सर्वांनी शाळेत लिहिली आहेत, आणि तेव्हाही ती आपली नव्हती. ना. सी. फडके यांनी 'गुजगोष्टी'त, अनंत काणेकरांनी 'पिकली पाने'त जो लघुनिबंध मराठीत रुजवला, त्याची पहिली अट हीच की लेखकाने व्यासपीठावरून खाली उतरून वाचकाशेजारी बसावे. ही मुलगी पहिले दीड पान व्यासपीठावरच उभी आहे.

त्या दीड पानात दोन ओळी मात्र खऱ्या आहेत. तिची आई तिला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' मोठ्याने वाचून दाखवते, आणि विनोदाची जागा यायच्या आधीच आईला हसू फुटते, कारण पुढचे तिला पाठ असते. मुलगी लिहिते की मला गोष्टीपेक्षा आईच्या हसण्याची वाट पाहायला आवडते. तिने इथे थांबायला हवे होते. आई कुठे बसते, कोणत्या वेळी वाचते, पुस्तक कोणाचे, ते सिंगापूरला कसे पोहोचले? यातले काही न सांगता ती परत ज्ञान वाढवायला निघून जाते.

याच भागात तिने लिहिले आहे, 'मला वाचायला वेल नाही.' आम्हांला क्षणभर वाटले, पोरीला बागेची हौस दिसते. मग उलगडा झाला. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. ती देवनागरी शिकली हिंदीच्या वर्गात. म्हणून तिची वेळ 'वेल' झाली आणि शाळा 'शाला'. हसू नका. आपल्या अश्दोद-दिमोनाच्या नातवंडांना 'केळं' म्हणायला सांगून पाहा.

दुसरा भाग संगीताचा, आणि त्यासाठीच हा निबंध वाचावा. शाळेत ती गुझेंग हे चिनी तंतुवाद्य वाजवते. आडवे, लांबट, साधारण एकवीस तारांचे. प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी घोडी. एके रात्री ती सराव करत असताना सांगलीहून आजीचा फोन आला. फोन चालूच होता. आजी ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर भूप!"

आजी बरोबर होती. गुझेंगच्या तारा बहुधा पाच स्वरांत लावतात, आणि ते पाच म्हणजे आपले सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. चीनमध्ये त्याला काय म्हणायचे ते म्हणोत, पेटीवर वाजवले तर कोणीही त्याला भूपाचेच स्वर म्हणेल. स्वर सारखे म्हणून राग एक होत नाही, हे आम्ही जाणतो. राग म्हणजे स्वरांची नुसती यादी नव्हे. पण सांगलीच्या स्वयंपाकघरातल्या बाईला चिनी वाद्यात ओळखीचे माणूस भेटावे, ही गोष्ट लहान नाही. मुलगी पुढे लिहिते की गुझेंगवर मध्यम हवा असेल तर गंधाराची तार घोडीच्या डाव्या बाजूला दाबायची. तो स्वर तारेत नसतो, बोटाने काढावा लागतो. चार पानांतले हे सर्वांत चांगले वाक्य, आणि त्यात एकही विशेषण नाही. आपल्या कीर्तनांत पेटीवर बसणाऱ्यांना त्याची किंमत कळेल.

दोष इथेही आहे. आजीचे वाक्य येते आणि परिच्छेद संपतो. त्या रात्रीनंतर दोघींनी काय केले? आजी गायली का? आम्ही विचारले, तेव्हा कळले की आता दर रविवारी आजी फोनवर गाते आणि ही वाजवते. हे निबंधात का नाही? "त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" असे तिचे उत्तर.

तिसरा भाग छंदांचा. पोहणे, चित्रकला, बुद्धिबळ, छायाचित्रण, अशी सहा छंदांची यादी आहे आणि प्रत्येकाला दोन वाक्ये. सिंगापुरात वरच्या शाळांच्या प्रवेशासाठी खेळ-कलांतले नैपुण्यही मोजतात, आणि ही यादी त्या अर्जातून उतरलेली वाटते. मराठीत 'छंद' म्हणजे वृत्तही आणि नाद लागणेही. हिब्रूतला 'तहबीव' हा शब्द 'हबीब'च्या, म्हणजे जिव्हाळ्याच्या, धातूपासून झाला आहे. दोन्ही भाषांच्या कसोटीवर सहांपैकी एकही छंद उतरत नाही.

खरा छंद यादीत नाहीच. तो शेवटी, उशीर झाल्याची माफी मागताना येतो. या सरकारी इमारतींत तळमजला मोकळा ठेवतात आणि तिथे मांजरे राहतात. सदनिकेत मांजर पाळायला २०२४ पर्यंत बंदी होती, म्हणून ही मुलगी लहानपणापासून त्यांना खालीच खायला घालते. त्यांना तिने नावे दिली आहेत : भाकरी, ताक आणि पिठलं. आम्ही स्वतः पाहिले, इमारतीतली चिनी आणि मलय मुले "पितला, पितला" अशी हाक मारतात आणि ते पिवळे मांजर येते.

आता लाल पेनाविषयी. आमचा मुलगा दहा वर्षांचा असताना त्याने ठाण्याला आजीला चार ओळींचे मराठी पत्र लिहिले होते. आम्ही त्यात अकरा चुका काढल्या, लाल शाईने, आणि ते पुन्हा सुवाच्य लिहायला लावले. दुसरे पत्र त्याने लिहिले नाही. तो आजही घरात मराठी बोलतो, पण फोनवर आम्हांला निरोप पाठवतो तो हिब्रूत. आईने ते चार ओळींचे पत्र जपून ठेवले होते, आणि तिने ठेवलेली प्रत चुकांची होती. ती लाल शाईची प्रत तिच्याकडे कशी पोहोचली, हे आम्ही कधी विचारले नाही.

म्हणून या मुलीच्या पानांवर आम्ही पेन्सिल वापरली. एकच शब्द दुरुस्त केला, 'वेल'चा 'वेळ'. कारण तिथे अर्थच बदलतो. बाकी समासात तीन प्रश्न लिहिले : 'आई हसते तेव्हा वाचणे थांबते का?' 'आजी रविवारी काय गाते?' 'ताक पांढरे आहे हे दिसते; भाकरीला भाकरी का म्हणालीस?' पहिले दीड पान गाळायला सांगितले. ते तिला आवडले नाही, कारण त्याच भागावर तिने सर्वांत जास्त मेहनत घेतली होती. आम्ही तल्मिदांना, म्हणजे विद्यार्थ्यांना, जे नेहमी सांगत आलो तेच तिलाही सांगितले : मेहनत दिसते, तू दिसत नाहीस.

आम्ही परत निघेपर्यंत दुसरा खर्डा झाला नव्हता. होईल की नाही, सांगता येत नाही. तिच्या परीक्षा जवळ आल्या होत्या.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरी नातवंडांनी मराठीत लिहिलेले काही असेल, पत्र, चिठ्ठी, सणाच्या शुभेच्छा, तर संपादकांकडे पाठवा. हिब्रू अक्षरांत लिहिलेली मराठी असली तरी चालेल. पाठवण्यापूर्वी मात्र ती सुधारू नका.