रोहिणीचे पाणी : एका कथेची तीन रूपे

बौद्ध विचार आणि जागतिक शांतता यांचा संबंध सांगणाऱ्या लेखनात एक गृहीत वारंवार आढळते. प्रथम व्यक्तीचे मन शांत व्हावे, मग समाज आणि राष्ट्रे आपोआप शांत होतील, असे ते गृहीत होय. मराठीत या समजुतीला ‘शांती’ या शब्दाचेच साहाय्य मिळते. मनःशांती, ग्रहशांती आणि युद्धविराम या तीन अगदी भिन्न गोष्टींसाठी आपण एकच शब्द वापरतो, आणि शब्दाची एकता पाहून अर्थाचीही एकता मानतो. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी एका कथेच्या आधारे करावयाची आहे. ती कथा म्हणजे शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा.

कथेचे जुने रूप पाली अट्ठकथांत आहे. शाक्य व कोलिय हे परस्परांचे सोयरे. दोहोंच्या मधून वाहणाऱ्या रोहिणीला बांध घालून दोघेही शेती करीत. एका वर्षी पाणी आटले. उरलेले पाणी एकाच बाजूच्या पिकाला पुरेल इतके होते. आरंभी भांडले ते शेतावरचे दास व मजूर. बोलण्यावरून हातघाई झाली, आणि मग एकमेकांच्या धन्यांच्या कुळाचा उद्धार सुरू झाला. ही वार्ता अमात्यांकडे व तेथून राजकुळांकडे गेली आणि दोन्ही सैन्ये नदीकाठी उभी राहिली. बुद्धाने तेथे येऊन भांडणाचे कारण विचारले तेव्हा राजांना ते सांगता येईना. सेनापतीला विचारा, उपराजाला विचारा, असे करीत प्रश्न अखेर मजुरांपर्यंत पोहोचला आणि उत्तर मिळाले : पाणी. मग पाण्याचे मोल अधिक की क्षत्रियांच्या रक्ताचे, एवढाच प्रश्न बुद्धाने केला आणि युद्ध टळले.

भाषेच्या अभ्यासकाला या कथनात एक सूक्ष्म निरीक्षण दिसेल. तंट्याचे कारण पाणी असले तरी युद्धाचे कारण पाणी नाही. ते कुळाला लागलेले शब्द आहेत. तंटा मजुरांकडून राजाकडे चढत गेला तसतसे पाणी मागे पडले आणि अपमान तेवढा शिल्लक राहिला. अशोकाच्या १२ व्या शिलालेखात निरनिराळ्या पंथांच्या सलोख्याचे मूळ म्हणून ‘वचगुति’, म्हणजे वाणीचा संयम, सांगितला आहे. त्यामागील अनुभव हाच असावा.

दुसरे रूप धर्मानंद कोसंबी यांचे. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी रोगी, वृद्ध, प्रेत व संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाला वैराग्य आले ही परंपरागत कथा नाकारली आणि गृहत्यागाचे कारण सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात शोधले. ‘अत्त’ हे पाली रूप ‘आत्म’ या शब्दाचेही असू शकते आणि ‘आत्त’, म्हणजे हाती घेतलेला, याचेही. जुन्या टीकेने पहिला अर्थ धरला, म्हणून भयाचा उगम स्वतःच्या दुराचारात गेला. कोसंबींनी दुसरा धरला, म्हणून तो शस्त्र उचलण्यात आला. एका शब्दाच्या व्युत्पत्तीने गृहत्यागाची कथा खाजगी दुःखातून सार्वजनिक कलहात आणली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांच्या निधनानंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बोधिसत्त्व’ नाटकात हाच विचार त्यांनी नाट्यरूपाने मांडलेला आहे.

तिसरे रूप डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातील. येथे सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद आहे. तो युद्धाच्या ठरावाला विरोध करतो आणि पर्याय सुचवितो : दोन्ही पक्षांनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. बहुमत त्याच्या विरुद्ध जाते आणि त्याला परिव्राजक व्हावे लागते. पुढे शाक्य-कोलियांत समेट झाल्याची वार्ता आल्यावरही तो परतत नाही. कारण राष्ट्रांतील कलह प्रासंगिक, पण वर्गांतील कलह अखंड चालणारा, असा विचार त्याच्या मनात उभा राहिला आहे.

तिन्ही रूपे शेजारी ठेवली म्हणजे प्रत्येकाचे बळ व उणीव स्पष्ट होते. अट्ठकथेत युद्ध टळते ते बुद्धाच्या अधिकारामुळे. तो दोन्ही कुळांना पूज्य आहे. असा सर्वमान्य पुरुष नसेल तेथे काय करावे, याचे उत्तर तिच्यापाशी नाही. शिवाय युद्ध टळल्यावर दोन्हीकडचे तरुण भिक्षू झाले हे ती सांगते, पण पाण्याची वाटणी कशी झाली हे सांगत नाही. मजुरांचे शेत कोरडे राहिले की भिजले, हे वाचकाला कळत नाही. ही उणीव आंबेडकरांच्या पंचमंडळाने भरून निघते. ती पद्धत कोणा एका पुरुषाच्या तेजावर अवलंबून नाही. तथापि तेथे भर ठरावांवर व मतदानावर आहे. अपशब्दांनी तंट्याचे युद्ध कसे होते, हा अट्ठकथेचा तपशील तेथे मागे पडतो. कोसंबींनी प्रश्न योग्य जागी आणला. उत्तरासाठी मात्र उरलेली दोन्ही रूपे एकत्र वाचावी लागतात.

हा विचार आपल्या भागाला परका नाही. सोपाऱ्यास १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या ८ व्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये ९ व्या लेखाचा. दास व सेवक यांच्याशी नीट वागणे हेच खरे मंगल, असे या ९ व्या लेखाच्या समग्र पाठात आहे. २०१४ पर्यंत सोपारे ठाणे जिल्ह्यातच होते. कल्याणच्या दात्यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत, आणि त्याच कल्याण बंदरात ग्रीक जहाजांची अडवणूक होऊन ती पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे ‘पेरिप्लस’ सांगतो. जागतिकीकरण हा शब्द नवा आहे. दूरच्या व्यापारात बंदर कोणाचे हा तंटा जुना आहे.

आणि रोहिणीही दूर नाही. तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. येथे कोणी सैन्य उभे केलेले नाही, म्हणून येथे शांतता आहे असे म्हणावे काय? मनःशांती हाच शांतीचा अर्थ धरला तर या प्रश्नाला जागाच उरत नाही. रोहिणीच्या कथेप्रमाणे मात्र तो पहिला प्रश्न ठरतो; कारण तिच्यात भांडणाचे खरे कारण अखेर मजुरांनाच विचारावे लागले होते.